ट्राय बसल्यानंतरचे ३० सेकंद : शाळेत रग्बीचा संघ बांधताना

सात-सात जणांच्या रग्बीत, म्हणजे सेव्हन्समध्ये, एक नियम आहे. समोरच्याने आपल्या गोलरेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवला, म्हणजे ट्राय केला, पाच गुण घेतले, की जादा दोन गुणांची किक त्याला ३० सेकंदांत मारावी लागते. त्यानंतर खेळ पुन्हा सुरू करणारी किकही तोच मारतो. म्हणजे ज्याच्यावर ट्राय बसला, बॉल त्याच्याच दिशेने येतो. पंधरा जणांच्या मोठ्या खेळात हे उलटं असतं. सेव्हन्समध्ये मात्र मार खाल्लेल्याला पुढची संधी आधी मिळते.

मधल्या त्या ३० सेकंदांत सात मुलं काय करतात, ते मी बघतो. कुणी कुणाकडे बोट दाखवतं, कुणी कमरेवर हात ठेवून मातीकडे बघत राहतं, ज्याच्या हातून बॉल सुटला तो लांब जाऊन एकटाच उभा राहतो. तोवर किक येते आणि दुसरा ट्राय बसतो. बहुतेक शालेय सामने पहिल्या ट्रायने हरले जात नाहीत, त्याच्या मागोमाग बसणाऱ्या दुसऱ्याने हरले जातात.

मी सातारा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत खेळ शिकवतो. माझी मुलं कबड्डी, खो-खो आणि कुस्ती बघत वाढलेली. त्यांना घेऊन रग्बीचा संघ कसा बांधायचा, आणि पडल्यावर उठायची सवय पास शिकवतो तशी सरावाने कशी लावायची, ते इथे क्रमाने लिहितो आहे. ही सवय प्रार्थनेनंतरच्या भाषणातून लागलेली मी अजून पाहिलेली नाही.

१. आधी पालक

रग्बी म्हटलं की पालकांना मोबाइलवर पाहिलेली आडदांड माणसांची झोंबाझोंबी आठवते. म्हणून पहिल्या बैठकीला बॉल घेऊन जा आणि तो त्यांच्या हातात द्या. मग सरळ सांगा की पहिले दोन महिने कुणी कुणाला अंगाने भिडणार नाही. त्यानंतरही ज्याच्या घरून लेखी संमती आणि डॉक्टरांचा दाखला येईल, तोच टॅकलच्या, म्हणजे बॉलवाल्याला पकडून पाडायच्या, सरावाला उतरेल.

"सर, दात-बीत पडला तर?" हा प्रश्न येतोच. पडू शकतो, म्हणून माउथगार्ड लागतो, असं उत्तर द्या. "काही होत नाही हो" असं म्हणू नका. पहिली दुखापत झाली की हेच वाक्य पालकांना आठवतं आणि मूल खेळातून जातं.

दमा, फिट्स, आधी मोडलेलं हाड, पूर्वी डोक्याला लागलेला मार, हे प्रत्येक मुलाचं एका वहीत लिहून घ्या. त्याच वहीच्या पहिल्या पानावर जवळच्या दवाखान्याचा नंबर आणि सरावाच्या वेळी गावात हमखास सापडणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर लिहा.

संघात सात आणि बदली पाच असे बारा लागतात, पण घ्या किमान वीस. दहावीची मुलं जानेवारीत गळतात, सुगीत घरी हात लागतात. आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्यातल्या काही मुलांची नावं शाळेत लागतात. ही मुलं हंगाम संपला की जाणारच, यांना कशाला घ्या, असा विचार मी एके वर्षी केला होता. चुकलो. दुसऱ्या वर्षी एका मुलाला घेतलं. ढेकळांतून पळायची सवय असल्याने त्याचा तोल सहसा जात नव्हता आणि नव्या जागी, नव्या पोरांत मिसळायला काय लागतं हे त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. स्पर्धेच्या नोंदणीत कागदपत्रांची अडचण येऊ शकते. सरावाला तर कसलाच कागद लागत नाही.

टॅग प्रकारात, म्हणजे पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढायची अशा खेळात, मुलं-मुली एकत्र खेळू शकतात. अंगाला भिडायची वेळ आली की वेगळे गट करा आणि जोड्या लावताना इयत्ता बघू नका, वजन आणि उंची बघा. आठवीत ३० किलोचं पोर असतं आणि ६० किलोचंही असतं.

२. मैदान आणि सामान

पूर्ण मैदान सुमारे १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद असतं. तेवढं मिळालं नाही तरी अडू नका, कबड्डीच्या दोन मैदानांएवढ्या जागेत टॅग सुरू होतं. आपल्याकडची मैदानं मुरमाची. सरावाच्या आधी सगळ्यांनी हाताच्या अंतरावर एका रांगेत उभं राहून मैदान ओलांडायचं आणि दिसेल तो खडा, काच, बाभळीचा काटा वेचायचा. दहा मिनिटं जातात. ती जाऊ द्या. रांग मोडू न देता पुढे सरकणं हाच रग्बीतला बचाव आहे, मुलं तो नकळत शिकतात.

रेषा फक्कीने आखा, भिंतीला लावायच्या चुन्याने नको. चुना डोळ्यांत गेला तर डोळा जायची भीती असते आणि या खेळात तोंड मातीत जातंच. खुणेसाठी विटा ठेवू नका, वाळू भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या चालतात. बॉल १० ते १४ वर्षांच्या मुलांना चार नंबरचा, त्यापुढे पाच नंबरचा. सहा मुलांमागे एक बॉल असला तर सराव नीट होतो. बूट घालायचे तर सगळ्यांनी, अनवाणी तर सगळ्यांनी. एकाचा बूट आणि दुसऱ्याचं उघडं पाऊल असा खेळ एक दिवसही होऊ देऊ नका.

३. पहिले दोन महिने : टॅग

जुन्या ओढणीच्या किंवा साडीच्या चार बोटं रुंद, हातभर लांब पट्ट्या कापा. दोन्ही बाजूंना एकेक, चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये नुसती खोचायची, बांधायची नाही. पट्टी ओढली गेली की टॅकल झाला असं धरायचं आणि बॉलवाल्याने लगेच पास द्यायचा.

अडतं ते एकाच ठिकाणी : बॉल हाताने पुढे देता येत नाही, मागेच द्यावा लागतो. आपल्या मुलांचं शरीर हे सुरुवातीला मानत नाही. चौघांची तिरपी ओळ करा आणि चालत चालत बॉल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्या. धावणं दुसऱ्या आठवड्यात. मागच्याने आवाज दिल्याशिवाय पास द्यायचा नाही, हा नियम कडक पाळा. बॉल घेऊन पळणाऱ्याला मागचं काही दिसत नसतं, मागचा हाच त्याचे डोळे. लाजाळू मुलांना इथे आवाज सापडतो. वर्गात नाव विचारलं तरी पुटपुटणारी एक मुलगी तिसऱ्या आठवड्यात "डावीकडं, डावीकडं!" म्हणून अख्खं मैदान दणाणून सोडत होती.

कबड्डीवाल्याला पकड येते, पण तो माघारी वळून आपल्या हद्दीकडे पळतो. खो-खोवाल्याला चकवता येतं, पण बॉल हातात आला की तो थिजतो. दोघांना एकमेकांसोबत जोडीला लावा.

सराव किती अवघड ठेवायचा याचं माझं माप असं : दहा प्रयत्नांत सहा-सात जमले पाहिजेत, तीन-चार फसले पाहिजेत. दहाच्या दहा जमत असतील तर मध्ये एक बचावपटू वाढवा. दहापैकी आठ फसत असतील तर जागा रुंद करा. जे मूल कधी फसलंच नाही, त्याला सामन्यात फसल्यावर काय करायचं ते कुठून सुचणार? आणि जे सारखंच फसतं, ते चौथ्या दिवशी येत नाही.

आता त्या ३० सेकंदांचा सराव. टॅगच्या खेळात ट्राय झाला की शिट्टी वाजवा आणि मोठ्याने मोजायला लागा. सेव्हन्समध्ये जादा गुणांची किक अडवायला धावायचं नसतं, ट्राय बसलेल्या संघाने आपल्या बाजूच्या, मध्यरेषेपासून दहा मीटरवरच्या रेषेजवळ जमायचं असतं. तिथे पोचेपर्यंत दहा सेकंद जातात. पुढच्या दहात खांद्यावर हात टाकून दोन लांब श्वास, सोडताना सावकाश. शेवटच्या दहात कप्तानाने एकच वाक्य बोलायचं, तेही पुढच्या खेळाचं : "किक लांब येईल, दोघं मागं थांबा." काय चुकलं ते आत्ता नाही, ते सामना संपल्यावर. मग जागा घ्यायच्या.

यात एक काम नेमून द्यावं लागतं. ज्याच्या हातून चूक झाली त्याच्याजवळ सगळ्यांत आधी कोण जाणार, ते आधीच ठरवा. आपोआप होईल असं धरून चालू नका. चौदा वर्षांचं पोर चिडलेलं असताना आपोआप शिव्याच येतात. प्रत्येकाला एक सोबती द्या, त्याने जाऊन हात द्यायचा. आमच्या मुलांनी यासाठी स्वतःच शब्द निवडला : "उठ की!" हा शब्द मी सुचवला असता तर टिकला नसता, म्हणून तुमच्या मुलांना त्यांचाच निवडू द्या.

पहिल्या आठवड्यात सगळे ३० सेकंद भांडणात जातात. महिन्याभरात मोजणं बंद करता येतं.

४. पडणं आणि टॅकल

बारा वर्षांखालच्या मुलांना माझ्या मते टॅगच्या पुढे नेऊ नये. त्यावरच्यांनाही आधी टॅकल नाही, आधी पडणं.

गावात तालीम असेल तर वस्तादांना भेटा. आखाड्याच्या लाल मातीइतकी चांगली जागा रग्बीवाल्यांना कुठल्या शहरात मिळेल? चपला बाहेर काढून, मारुतीला हात जोडून, वस्ताद सांगतील त्या वेळेत जायचं. मुलींसाठीही विचारा. नाहीच जमलं तर शाळेच्या गाद्या जोडा, नाहीतर नांगरून ढेकळं फोडलेलं एखादं वावर दोन आठवड्यांसाठी मागून घ्या. मुरमावर टॅकल शिकवू नका. उन्हाळ्यात तर मुळीच नको.

पडताना तीन गोष्टी : हनुवटी छातीला, बॉल दोन्ही हातांनी पोटाशी, आणि अंग खांद्यावरून गुंडाळत जाऊ द्यायचं. हात टेकायचा नाही. पडताना हात पुढे टाकणं ही जन्मजात सवय असते आणि मनगट, कोपर बहुतेकदा तिच्यामुळेच मोडतं. गुडघ्यावर बसून पडा, मग ओणवं होऊन, मग उभ्याने, मग चालताना. रोज वीस वेळा. पडल्यावर बॉल सोडून लगेच उठायचं, कारण नियमानेही पडलेल्याला बॉल धरून ठेवता येत नाही आणि टॅकल करणाऱ्यालाही पकड सोडून बाजूला व्हावं लागतं.

टॅकलची शिडी अशी : दोघंही गुडघ्यावर. मग टॅकल करणारा गुडघ्यावर आणि समोरचा चालत. मग दोघंही चालत. मग अर्ध्या वेगाने. प्रत्येक पायरीला किमान तीन दिवस. नजर कमरेच्या खाली मांडीवर, डोळे उघडे, मान ताठ. डोकं नेहमी समोरच्याच्या मागच्या बाजूला, त्याच्या वाटेत कधीच नाही. तो डावीकडून उजवीकडे पळत असेल तर तुमचा गाल त्याच्या मागच्या अंगाला चिकटला पाहिजे. खांदा लावा, दोन्ही हातांनी विळखा घाला, पाय चालू ठेवा. कबड्डीतली कमरेची पकड इथे फार उपयोगी पडते, फक्त मागे ओढायची सवय मोडून पुढे रेटायला शिकवावं लागतं. खांद्याच्या वर हात गेला की शिट्टी, सरावातसुद्धा. मानेला पकड, उचलून डोक्यावर आपटणं, हे एकदाही माफ करू नका. स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू वाकून, एकमेकांना धरून समोरासमोर रेटतात तो, पहिल्या वर्षी नुसता वाकून बांधायला शिकवा, रेटायला नको.

एखादं मूल शिडीच्या दुसऱ्या पायरीवर अडतं. समोरचा आला की डोळे मिटतं, डोकं वळवतं. त्याला "घाबरट" म्हणणारा, "बांगड्या भर" म्हणणारा कुणीतरी मैदानाच्या कडेला असतोच, कधी तो त्याचा बापच असतो. ते तिथल्या तिथे थांबवा, मोठ्या माणसालाही. डोळे मिटून केलेला टॅकल हाच सगळ्यांत धोक्याचा, म्हणून त्या मुलाची भीती योग्य खबर देत असते. त्याला एक पायरी खाली आणा आणि वर कधी जायचं ते त्यालाच सांगू द्या. माझ्याकडे एक मुलगा सहा आठवडे गुडघ्यावरच होता. सातव्या आठवड्यात तो स्वतः म्हणाला, "सर, आज उभ्यानं करू?" त्या वर्षी सगळ्यांत नीट टॅकल त्याचे होते.

५. डोक्याला मार

इथे मी कुणाचंही ऐकत नाही, तुम्हीही ऐकू नका.

डोक्याला किंवा मानेला धक्का बसल्यावर मूल गोंधळलं, अडखळलं, नजर हरवल्यासारखी वाटली, मळमळलं, डोकं दुखतं म्हणालं, स्कोअर विसरलं, यातलं एक जरी दिसलं तरी ते त्या दिवशी परत मैदानात जात नाही. शुद्ध हरपलीच पाहिजे असं नाही, बहुतेकदा हरपतच नाही. एकटं सोडायचं नाही, सायकलवर घरी पाठवायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटका, हातापायाला मुंग्या, मानेत कळ, उठवूनही न मोडणारी झोप, यांपैकी काही असेल तर थेट मोठा दवाखाना. मानेत दुखत असेल तर जागचं हलवू नका, रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.

पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल आणि टीव्ही शक्य तितके बंद. मग आधी शाळा, मग हलका व्यायाम, मग खेळ. ब्रिटनमध्ये २०२३ साली हौशी आणि शालेय खेळांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत अशा मारानंतर किमान २१ दिवस सामना नाही असं सांगितलं आहे. आमच्याकडे तोच नियम आहे, मग अंतिम सामना का असेना. रग्बीच्या जागतिक संघटनेचे 'रग्बी रेडी' आणि डोक्याच्या दुखापतीवरचे अभ्यासक्रम इंटरनेटवर मोफत आहेत. टॅकल शिकवायच्या आधी प्रत्येक शिक्षकाने ते पूर्ण करावेत.

आपल्याकडे दुखणं लपवणाऱ्या पोराला "वाघ आहे" म्हणतात. हे कौतुक फार महागात पडतं. आमच्या संघात "सर, गरगरतंय" असं स्वतः येऊन सांगणाऱ्याचं सगळ्यांसमोर कौतुक होतं, आणि सोबत्याचं लक्षण ओळखून सांगणाऱ्याचं त्याहून जास्त. दम लागला तरी पळत राहणं आणि मार लागला तरी गप्प राहणं यांतला फरक मुलांना वर्षातून एकदा सांगून कळत नाही. दर आठवड्याला सांगा.

६. हरल्यावर एसटीत

एका सामन्यात आम्ही एकही गुण न मिळवता सात ट्राय खाल्ले. परतीच्या एसटीत कुणी खिडकीबाहेर बघत होतं, दोघं रडत होते. मी लगेच बोलायला लागलो, पंधरा मिनिटं बोललो. आज विचाराल तर मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं.

आता क्रम असा ठेवतो. आधी पाणी आणि पोटाला काहीतरी, शेंगदाणे-गूळ असला तरी चालतो. मग शांतता, रडणाऱ्याला रडू द्यायचं. गाव जवळ आलं की तीन प्रश्न, आणि उत्तर मुलांनीच द्यायचं : आज कुणी कुणाला उठवलं? कुठल्या गोष्टीचा सराव कमी पडला? सोमवारी पहिली दहा मिनिटं काय करायचं? तिसऱ्याचं उत्तर वहीत लिहा आणि सोमवारी तेच करा. पाळलं नाही तर पुढच्या वेळी कुणी उत्तर देणार नाही. सेव्हन्सच्या स्पर्धेत एकाच दिवशी दोन-तीन सामने असतात. सकाळी हरलात तर हाच क्रम अर्ध्या तासात बसवावा लागतो.

साताऱ्याच्या मुलांना खाशाबा जाधवांचं नाव माहीत असतंच. कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. पण मी मुलांना आधी १९४८ सांगतो. लंडनला ते सहावे आले होते, मातीत वाढलेल्या माणसाला तिथे मॅटवर खेळावं लागलं. मधली चार वर्षं त्यांनी काय केलं, यावर मुलांना बोलायला लावा. दुसरी गोष्ट पैशांची. हेलसिंकीला जायला गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही गोष्ट सांगताना पोरं नेहमी एकमेकांकडे बघतात. उठणाऱ्याला हात देणारे किती लागतात, ते त्यांना इथे कळतं.

मुलींना माण तालुक्यातल्या मोहीच्या धावपटू ललिता बाबरबद्दल सांगा. मॅरेथॉनमध्ये नाव कमावल्यावर ती स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत धावायच्या शर्यतीकडे, वळली आणि २०१६ ला रिओत अंतिम फेरीत दहावी आली. दहावा नंबर म्हणजे हरणं का, यावर आमच्या मुलींचा एकदा अर्धा तास वाद झाला होता. मी मध्ये पडलो नाही.

७. स्पर्धेला उतरताना

शालेय स्पर्धांसाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जूनमध्येच जाऊन या. रग्बी कुठल्या वयोगटात आहे, नोंदणीची मुदत कधी, कागद कोणते, हे तोंडी न ऐकता लेखी परिपत्रक घ्या. अर्धे संघ मैदानावर नाही, कागदावर बाद होतात. आणि मुलांना पंचांशी वागायची रीत शिकवा : बोलायचं फक्त कप्तानाने. सामना संपल्यावर दोन ओळी करून समोरच्या संघाला टाळ्या वाजवत वाट द्यायची, सात ट्राय खाल्ले असले तरी.

८. वही

शेवटचं काम दहा मिनिटांचं. आठवड्यातून एका सरावात घड्याळ घेऊन बसा आणि चूक झाल्यापासून ते मूल परत खेळाच्या ओळीत यायला किती सेकंद लागतात, ते नावासमोर लिहा. मुलांना आकडे वाचून दाखवू नका, तुमच्यासाठी ठेवा. ज्याचे सेकंद अचानक वाढले, त्याच्या घरी काहीतरी चालू असतं, असं मला अनेकदा आढळलं आहे. अशा वेळी संध्याकाळी त्याच्या घरी चक्कर मारा, रग्बीचा विषय न काढता चहा घ्या.

गेल्या होळीनंतर टोळी परत निघाली, तेव्हा त्या ऊसतोडीच्या मुलाने मला वहीतलं त्याचं पान मागितलं. मी ते फाडून दिलं. दिवाळीला तो परत आला तर पान जोडायला डिंक कपाटात ठेवला आहे.